गॅसबत्तीतले थोरियम : अणुरसायनाच्या एका अलिखित इतिहासाविषयी

अणुशक्ती आणि यवतमाळ जिल्हा ही दोन नावे एकत्र घेतली, तर वाचकांस थोडे नवल वाटेल. आमच्या जिल्ह्यात अणुभट्टी नाही, युरेनियमची खाण नाही. वणीकडे कोळसा आणि चुनखडी आहे. बाकी काळी जमीन आणि तिच्यावरचा कापूस. अणूचा इतिहास लिहिणाऱ्याने इकडे फिरकावे असे वरकरणी काहीच दिसत नाही. तरीही स्वतंत्र भारताच्या अणुरसायनाने तयार केलेल्या पहिल्या काही पदार्थांपैकी एक पदार्थ अशाच खेड्यापाड्यांसाठी होता, आणि तो कुणापासून लपवून ठेवलेला नव्हता. तो भर मांडवात, सर्वांच्या डोक्यावर टांगलेला असे. आम्ही गॅसबत्तीविषयी बोलत आहोत.

आमच्या पिढीतल्या अनेकांनी लग्नाची वरात, रात्रीची पंगत, भजनाची बैठक आणि दंडारीचा खेळ गॅसबत्तीच्या उजेडात पाहिला आहे. बत्ती पेटवणे हे कुणाही ऐऱ्यागैऱ्याचे काम नसे. त्यासाठी गावात एखादा जाणता माणूस असायचा. तो पुडीतून एक मऊ, पांढरी, जाळीदार पिशवी काढून बत्तीच्या तोंडाला दोऱ्याने बांधायचा. तिला तो ‘मेंटल’ म्हणायचा. मग स्पिरिट पेटे आणि पिशवी जळून जाई. पण जळल्यावरही तिचा आकार तसाच राही. कापडाचा एक धागाही उरलेला नसे. उरे ती फक्त राखेची जाळी. हवा मारली की तीच राख डोळे दिपवणारा उजेड देऊ लागे. बोट लागले किंवा पाखरू आपटले, तर तिचा चुरा होई. कापड जळून जाते आणि त्याची राख तळपते, हे कोडे लहानपणी आम्हांला सुटले नव्हते. गुरुजींनाही कुणी विचारले नव्हते.

ह्या कोड्याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. ऑस्ट्रियाचे रसायनज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ साली मँटलचे पहिले पेटंट घेतले. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना योग्य मिश्रण सापडले : ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. सुती किंवा कृत्रिम रेशमाची जाळी थोरियम व सेरियम यांच्या नायट्रेट क्षारांच्या द्रावणात भिजवून वाळवायची. ती पेटवली की धागा जळतो, नायट्रेटचे ऑक्साइड होते आणि धाग्याचा आकार घेऊन ते मागे उरते. थोरियम ऑक्साइडचा वितळणबिंदू ३,००० अंश सेल्सिअसच्याही वर आहे, त्यामुळे ज्वालेत ते ढळत नाही. पण निव्वळ थोरियमचा उजेड फिकाच पडतो. त्यात शंभरातला एक भाग सेरियम मिसळले की बत्ती लखलखते. हा ‘शंभरातला एक भाग’ वाचकांनी ध्यानात ठेवावा. आमच्या विवेचनात तो पुन्हा येणार आहे.

थोरियम येते मोनाझाइट नावाच्या वाळूतून. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटमध्ये त्याचे प्रमाण सुमारे आठ-नऊ टक्के असते. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या एका जर्मन रसायनज्ञास त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत हे खनिज आढळले, आणि मग युरोपातील मँटलच्या कारखान्यांसाठी त्रावणकोरची वाळू बोटी भरभरून जाऊ लागली. म्हणजे वाळू आपली, प्रकाशाचा कारखाना त्यांचा. कापसाच्या बाबतीत वऱ्हाडाने दीर्घकाळ जे पाहिले, तेच वाळूच्या बाबतीत त्रावणकोरने पाहिले.

स्वातंत्र्याच्या सुमारास ही निर्यात थांबवण्यात आली. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी स्थापन झाली आणि २४ डिसेंबर १९५२ रोजी आलुवा येथील तिच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. वाळूवर तिथे प्रक्रिया होई, आणि थोरियमयुक्त अवशेष मुंबईजवळ ट्रॉम्बेला येई. त्यातून थोरियम नायट्रेट वेगळे काढणारा कारखाना १९५५ साली सुरू झाला. ह्या नायट्रेटचे मोठे गिऱ्हाईक कोण, तर मँटलवाले. आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक असलेली ‘अप्सरा’ कार्यान्वित झाली ती त्यानंतर, ४ ऑगस्ट १९५६ रोजी. यवतमाळ जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात नव्हता. तो जुन्या मध्य प्रदेशाचा भाग होता, आणि विदर्भ मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. भारतीय अणुरसायनाने बाजारात आणलेल्या पहिल्या काही मालांपैकी हा एक होता, आणि तो अशा खेड्यांसाठी होता जिथे वीज पोहोचायची होती.

अणूचा इतिहास सांगताना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तो इतिहास आपण एकतर भौतिकशास्त्रज्ञांच्या नावांनी सांगतो किंवा स्फोटांच्या तारखांनी. त्यातील रसायनज्ञ, विशेषतः पदार्थ शुद्ध करणारा, त्याला आकार देणारा, त्याचे आयुष्य मोजणारा पदार्थरसायनज्ञ, पडद्यामागेच राहतो. प्रस्तुत लेखात त्याच्या कामाची कहाणी सांगून ती आपल्या साहित्यात का उतरली नाही, हा प्रश्न आम्हांस विचारायचा आहे.

शुद्ध कशास म्हणावे?

अणुविभाजनाचा शोध हाच मुळी रसायनज्ञांचा आहे. १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियमचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा त्यांना बेरियम मिळाले. युरेनियमच्या निम्म्याशा वजनाचे बेरियम तिथे आले कुठून? त्याचा अर्थ लिझे माइटनर आणि ओटो फ्रिश ह्या भौतिकशास्त्रज्ञांनी लावला. पण अणू फुटल्याचा पुरावा हाती आला तो परीक्षानळीतल्या पृथक्करणातून.

त्यानंतरच्या कथेत तर रसायनाचा वाटा वाढतच गेला. जर्मनीत वाल्टर बोटे यांनी १९४१ च्या सुमारास ग्राफाइटवर मोजमापे केली आणि अणुभट्टीसाठी ते निरुपयोगी ठरवले. त्यांनी वापरलेल्या ग्राफाइटमधील अशुद्धी हे त्या चुकीच्या निष्कर्षाचे कारण मानले जाते. जर्मन संशोधक जड पाण्याच्या मागे लागले आणि मागे पडले. अमेरिकेत लिओ झिलार्ड यांनी ग्राफाइटमधील बोरॉनचा संशय वेळीच घेतला आणि बोरॉनमुक्त ग्राफाइट बनवून घेतले. १९४२ साली शिकागोची भट्टी चालली ती त्यावर.

बोरॉन न्यूट्रॉन गिळतो. साखळी-प्रक्रियेला जे न्यूट्रॉन हवेत, ते तो परस्पर खाऊन टाकतो. म्हणून अणुभट्टीच्या युरेनियममध्ये बोरॉनचे प्रमाण दहा लाख भागांत एका भागाच्याही आत ठेवावे लागते. सोनाराचे शंभर नंबरी सोने ह्या कसोटीपुढे मातीमोल ठरेल. ट्रॉम्बेच्या युरेनियम धातूच्या कारखान्यात पहिला गोळा तयार झाला तो जानेवारी १९५९ मध्ये. कच्च्या पिवळ्या चूर्णापासून नायट्रिक आम्लातील द्रावण, त्यातून ट्रायब्यूटाइल फॉस्फेट ह्या द्रावकाने युरेनियम तेवढे ओढून घेणे, मग ऑक्साइड, मग फ्लोराइड आणि अखेर कॅल्शियम वा मॅग्नेशियमशी संयोग घडवून धातू, अशी ती लांब वाट आहे. ब्रह्म प्रकाश यांच्या नेतृत्वाखालील धातुशास्त्रज्ञ आणि रसायनज्ञ ती वाट चालले. १० जुलै १९६० रोजी कार्यान्वित झालेल्या ‘सायरस’ भट्टीच्या पहिल्या इंधनापैकी जवळजवळ निम्मे इंधन त्यांनी देशात बनवले होते.

पण धातू शुद्ध झाला, हे ठरवणार कोण? दहा लाखांत एक भाग डोळ्यांना दिसत नाही, तराजूत भरत नाही. तो मोजण्याची रीत आधी बसवावी लागते. हे काम विश्लेषण-रसायनज्ञांचे. ट्रॉम्बेच्या विश्लेषण विभागाचे प्रमुख व्ही. टी. आठवले आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० व १९६० च्या दशकांत हे केले. आठवल्यांचे नाव आज किती मराठी वाचकांस ठाऊक असेल? ज्या भट्ट्यांची नावे वर्तमानपत्रांनी मथळ्यांत छापली, त्यांच्या इंधनाच्या प्रत्येक घाण्यावर आधी अशा प्रयोगशाळेची मोहोर उमटावी लागे.

शुद्धीची दुसरी कथा जुळ्या भावांची आहे. झिर्कोनियम आणि हाफ्नियम ही दोन मूलद्रव्ये निसर्गात एकमेकांना बिलगून असतात. रासायनिक गुणधर्मांत ती इतकी सारखी की १९२३ साली कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हुडकून काढीपर्यंत हाफ्नियम झिर्कोनियमच्या आत वेशांतर करून बसले होते. रसायनज्ञास एरवी ह्या सारखेपणाचे काही वाटले नसते. पण अणुभट्टीत इंधनाला जे वेष्टन लागते, ते झिर्कोनियमच्या मिश्रधातूचे असते, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉनांना वाट देते. त्याचा जुळा भाऊ मात्र त्यांना शेकडो पटींनी अधिक गिळतो. म्हणून हाफ्नियम दहा हजारांत एका भागापर्यंत खाली आणावे लागते. १९७० च्या दशकापासून हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये हे जुळे वेगळे करण्याचे काम चालत आले आहे.

आता मँटलमधला तो शंभरातला एक भाग आठवावा. गॅसबत्तीत एक टक्का सेरियम नसेल तर अंधार. अणुइंधनात दहा लाखांत एक भाग बोरॉन असेल तर अंधार. मग ‘अशुद्ध’ म्हणायचे कशाला? पदार्थरसायनज्ञ ह्या प्रश्नाचे उत्तर निरपेक्षपणे देतच नाही. तो विचारतो : कशासाठी? आपल्या भाषेत ‘शुद्ध’ ह्या शब्दाला सोवळ्या-ओवळ्याचा फार जुना आणि फार कटू इतिहास आहे. तिथे शुद्धी जन्माने मिळते, ती मोजता येत नाही आणि म्हणून तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. रसायनज्ञाची शुद्धी ह्याच्या अगदी उलट. ती कुणाला जन्मतः मिळालेली नसते. ती श्रमाने मिळते, आकड्यांत सांगता येते, दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळता येते, आणि ती कधीच पूर्ण नसते. एकाच शब्दाच्या ह्या दोन संसारांचा विचार साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा, असे आम्हांस वाटते.

प्लुटोनियम आणि विवेक

तथापि रसायनज्ञाची शुद्धी म्हणजे विवेकाची शुद्धी नव्हे. हा मुद्दा टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

‘सायरस’मधून बाहेर पडलेल्या वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम तयार झालेले असे. ते वेगळे काढणारा ट्रॉम्बेचा प्रकल्प १९६४ साली चालू झाला आणि जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. होमी सेठना हे त्याचे नेते. प्लुटोनियमचे रसायन विलक्षण चंचल आहे. घनरूपात त्याची सहा रूपे. द्रावणात ते एकाच वेळी चार निरनिराळ्या ऑक्सिडीकरण-अवस्थांत राहू शकते, आणि प्रत्येक अवस्थेचा रंग वेगळा. ह्या चंचलतेचाच उपयोग करून घेतला जातो. चौथ्या अवस्थेत असताना प्लुटोनियम ट्रायब्यूटाइल फॉस्फेटबरोबर जाते. त्याला तिसऱ्या अवस्थेत आणले की ते द्रावकाचा हात सोडून पाण्यात परतते. युरेनियम मागेच राहते. असे पुन्हा पुन्हा करीत, जाड शिशाच्या आणि काँक्रीटच्या भिंतींआडून, कशालाही प्रत्यक्ष हात न लावता हे काम करायचे.

१८ मे १९७२ रोजी ‘पूर्णिमा’ ही प्लुटोनियम ऑक्साइड इंधनाची छोटी भट्टी कार्यान्वित झाली. बरोबर दोन वर्षांनी, १८ मे १९७४ रोजी, पोखरणचा स्फोट झाला. त्यात वापरलेले प्लुटोनियम ‘सायरस’मधले होते; ती भट्टी कॅनडाच्या साहाय्याने आणि अमेरिकेच्या जड पाण्यावर, शांततामय उपयोगासाठी म्हणून उभी राहिली होती. स्फोटालाही ‘शांततामय’ हेच विशेषण लावण्यात आले. ह्या विशेषणावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ज्यांनी हे प्लुटोनियम ग्रॅम-ग्रॅम करून वेगळे केले, त्यांना त्या दिवशी काय वाटले? अभिमान, धास्ती, की दोन्ही? जो माणूस सकाळी ट्रॉम्बेला जाऊन संध्याकाळी घरी मुलांच्या अभ्यासाला बसत होता, त्याने त्या रात्री घरात काय सांगितले आणि काय सांगितले नाही? कादंबरीचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो. आमच्या वाचनात तरी मराठीत तो कुणी हाती घेतल्याचे आढळलेले नाही.

कार्बाइडची निवड

पोखरणनंतर परदेशांनी हात आखडते घेतले. त्याचा एक परिणाम पदार्थरसायनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरला. कल्पक्कम येथे फ्रान्सच्या सहकार्याने शीघ्र प्रजनक चाचणी भट्टी उभी राहत होती. कोल्हापूर जिल्ह्यातील कसबा सांगावचे शिवराम भोजे हे मराठी अभियंते १९६९-७० मध्ये तिच्या आराखड्याच्या कामासाठी फ्रान्समधील कादाराश येथे गेलेल्या चमूत होते. पुढे २००० ते २००४ ह्या काळात ते कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. भट्टीच्या मूळ योजनेत ऑक्साइड इंधन होते आणि त्यासाठी समृद्ध युरेनियम परदेशातून यायचे होते. ते येण्याची आशा मावळली. भट्टी उभी, इंधन नाही, अशी अवस्था.

तेव्हा रसायनज्ञांनी जी वाट सुचवली ती जगात कुणी चालली नव्हती : ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड आणि ३० टक्के युरेनियम कार्बाइड. कार्बाइड मोठे नाठाळ. त्याची बारीक पूड हवेत आपोआप पेट घेते. दमट हवेत ती विघटित होते. म्हणून सारे काम निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेट्यांत करायचे. पेटीच्या भिंतीला रबरी हातमोजे बसवलेले. बाहेर उभे राहून त्यांत हात घालायचे आणि काचेतून पाहत काम करायचे. ऑक्साइडची पूड आणि ग्राफाइट एकत्र दाबून, निर्वात भट्टीत तापवून कार्बाइड करायचे, पुन्हा कुटायचे, पुन्हा दाबायचे, भाजायचे. हे इंधन ट्रॉम्बेला तयार झाले. १८ ऑक्टोबर १९८५ रोजी कल्पक्कमची भट्टी त्यावर चालू झाली.

हे इंधन किती टिकेल, ह्याचा पूर्वानुभव कुठेच नव्हता. म्हणून सुरुवातीस बेताची मर्यादा ठरवली गेली. थोडे इंधन जाळायचे, बाहेर काढून तपासायचे, किती फुगले, वेष्टनाला कुठे टेकले, भेगा कशा गेल्या ते पाहायचे, आणि मग मर्यादा थोडी वाढवायची. असे करीत २००२ साली टनामागे १ लाख मेगावॉट-दिवसांचा टप्पा ओलांडला गेला. पुढे हा आकडा १ लाख ६५ हजारांपर्यंत गेला. ह्यात कुठेही एका दिवसाचा विजय नाही. सतरा वर्षे सावधपणे एकेक पाऊल टाकण्याची ही कथा आहे. म्हणूनच ती मथळा होत नाही.

मँटलमधल्या थोरियमचे काय झाले, तेही इथेच सांगितले पाहिजे. थोरियम स्वतः विभाजनक्षम नाही. पण न्यूट्रॉन शोषून त्याचे युरेनियम-२३३ होते, आणि ते मात्र विभाजनक्षम आहे. ह्या युरेनियमवर चालणारी ‘कामिनी’ ही ३० किलोवॉटची छोटी भट्टी २९ ऑक्टोबर १९९६ रोजी कल्पक्कम येथेच कार्यान्वित झाली. ट्रॉम्बेच्या पहिल्या थोरियम नायट्रेटपासून इथवर एकेचाळीस वर्षे लागली, म्हणजे एका माणसाच्या नोकरीच्या साऱ्या वर्षांहूनही अधिक काळ. थोरियमपासून मोठ्या प्रमाणावर वीज मिळण्याचा दिवस अजून यायचाच आहे. देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा सुमारे ३ टक्के आहे, आणि आमच्या भागातल्या तारांतून वाहते ती मुख्यतः कोळशाची वीज. हा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे.

फळ्यापासून सुरू होणारी वाट

ट्रॉम्बेला १९५७ साली प्रशिक्षणशाळा सुरू झाली. भौतिकी, रसायन, धातुशास्त्र आणि अभियांत्रिकीचे ताजे पदवीधर निवडायचे, त्यांना वर्षभर शिकवायचे आणि विभागांत नेमायचे, अशी तिची पद्धत. अणुसंशोधनाची दारे तिने लहान गावांतल्या मुलांना खुली केली. यवतमाळचा विज्ञानाचा विद्यार्थी १९८३ पर्यंत नागपूर विद्यापीठाचा होता. त्या वर्षी अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झाले. अशा विद्यार्थ्याला ट्रॉम्बेपर्यंत जायचे, तर मध्ये कुणीतरी शिक्षक लागतो. ह्या वाटेवर उभ्या असलेल्या एका शिक्षकाचे नाव इथे घेतले पाहिजे : हरिजीवन आर्णीकर.

बनारस हिंदू विद्यापीठात काम केल्यावर आर्णीकर पुणे विद्यापीठात आले आणि तिथे त्यांनी अणुरसायनाच्या अध्यापनाची व संशोधनाची परंपरा निर्माण केली. त्यांचे ‘इसेन्शियल्स ऑफ न्यूक्लिअर केमिस्ट्री’ हे पाठ्यपुस्तक देशभर वापरले गेले. त्यांचे आडनाव वाचून आम्हां यवतमाळकरांस आपल्या जिल्ह्यातली आर्णी आठवते. पण आडनावावरून गाव काढणे म्हणजे इतिहास नव्हे; तमिळनाडूतही एक आरणी आहे, आणि तिथे मराठी जहागीर होती. आम्ही त्यांच्यावर हक्क सांगत नाही. आम्हांस त्यांचे एक संशोधन मात्र इथे सांगावेसे वाटते. गॅमा किरणांचा मारा केलेले साधे मीठ पाण्यात टाकले, की विरघळता विरघळता त्यातून क्षीण प्रकाश बाहेर पडतो. किरणांनी स्फटिकात अडकवून ठेवलेली ऊर्जा पाणी मोकळी करते. १९७० च्या सुमारास आर्णीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या प्रकाशाचा अभ्यास केला. ज्या मिठाला आपण रोज हात लावतो, त्याच्यात साठलेला प्रकाश मोजण्याइतके धीराचे काम दुसरे कोणते असेल!

विदर्भाला ट्रॉम्बेची दुसरी ओळख आहे ती उडदाची. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला ‘टीएयू-१’ हा वाण १९८५ साली आला. त्या नावात ट्रॉम्बे, अकोला आणि उडीद अशी तिन्ही नावे आहेत. शेतकऱ्याच्या तोंडी ते नाव बसले. बियाण्याला नाव मिळते. शुद्ध केलेल्या युरेनियमच्या गोळ्याला, किंवा त्यातला बोरॉन मोजणाऱ्या हाताला, नाव मिळत नाही.

कर्मणी प्रयोगातले आयुष्य

हे आयुष्य साहित्यात का आले नाही? एक कारण उघड आहे : गोपनीयता. १९४८ साली अणुऊर्जा विधेयक संविधान सभेपुढे आले, तेव्हाच एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी त्यातील गुप्ततेच्या तरतुदींवर आक्षेप घेतला होता. ब्रिटनमध्ये गुप्तता संरक्षणापुरती असताना इथे साऱ्या संशोधनावर ती कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. शांततेचा उपयोग आणि संरक्षणाचा उपयोग ह्यांत रेघ मारणे कठीण, असे नेहरूंचे उत्तर होते. १९६२ च्या कायद्यातही माहितीच्या प्रकटीकरणावर निर्बंध घालणारे कलम होते. ज्याला आपल्या दिवसाविषयी घरीही बोलता येत नाही, तो आत्मचरित्र कसे लिहिणार?

पण आमच्या मते दुसरे कारण भाषेचे आहे. शास्त्रीय अहवालाचा प्रयोग कर्मणी असतो : द्रावण तापवले गेले, अवक्षेप गाळला गेला, प्रमाण मोजले गेले. ह्या वाक्यांत कर्ता नाही. चाळीस वर्षे असे लिहिणाऱ्या माणसाचा ‘मी’ हळूहळू झिजून जातो. आणि ज्या भाषेत त्याची आई बोलत होती, तिचा ह्या अहवालांशी काही संबंधच नसतो. नोकरीची भाषा इंग्रजी, घरची मराठी, आणि दोहोंमध्ये प्रयोगशाळेच्या फाटकाइतकी उंच भिंत.

ही भिंत ओलांडताच येत नाही असे नाही. इटलीचा प्रीमो लेव्ही रंगाच्या कारखान्यात काम करणारा रसायनज्ञ होता. १९७५ साली त्याने आवर्तसारणीचेच नाव देऊन एक पुस्तक लिहिले. त्याच्या प्रत्येक प्रकरणाला एका मूलद्रव्याचे नाव आहे. अशुद्धी आणि छळछावणी, दोन्ही अनुभवलेल्या त्या माणसाला कारखान्यातल्या साध्या चुकीतही गोष्ट दिसली. आपल्याकडे १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि विज्ञानलेखनाची चांगली परंपरा निर्माण झाली. जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ ह्या आत्मचरित्रास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ताऱ्यांकडे पाहणाऱ्यास मराठीने आपले मानले, ही आनंदाची गोष्ट. आता भट्टीच्या राखेकडे पाहणाऱ्याची पाळी आहे.

यवतमाळात दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली भरले, ते ‘पूर्णिमा’ आणि पोखरण यांच्या मधल्या वर्षी. २०१९ साली अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. ह्या दोन संमेलनांच्या मधल्या काळात रसायनज्ञांच्या कितीतरी तुकड्या ट्रॉम्बेला रुजू झाल्या आणि निवृत्तही झाल्या. त्यांतील पुष्कळजण आता वृद्ध आहेत. जे गुपित होते त्यातले बरेचसे आता पुस्तकांत छापून आले आहे, जे गुपित नव्हतेच, ते मात्र त्यांच्याबरोबर जाईल : हातमोज्यांत घामेजलेले हात, फसलेल्या घाण्यानंतरची संध्याकाळ, गावाकडच्या माणसाने “तू तिथं करतोस तरी काय?” असे विचारल्यावर सुचलेले आणि न सुचलेले उत्तर.

आमच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय सुचत नाहीत, अशी तक्रार शिक्षक नेहमी करतात. प्रत्येक तालुक्यात अशा नोकरीतून परतलेला एखादा माणूस भेटेल. त्याच्यापुढे बसावे, त्याच्या वाक्यांतला हरवलेला कर्ता त्याला परत मिळवून द्यावा. गुपिते विचारू नयेत, दिवस विचारावेत. त्याच्या तोंडून जे येईल ते पडताळून घ्यावे, कारण आठवणीतही दहा लाखांत एखादा भाग बोरॉनचा असतोच.

गावातल्या गॅसबत्त्या आता माळ्यावर गेल्या आहेत. वीज आली, आणि तिच्यामागे इन्व्हर्टर आले. पण कुणाच्या घरी जुनी बत्ती असेल आणि तिच्या तोंडाला जुने मँटल अजून शाबूत असेल, तर त्याला बोट लावू नये. थोरियम किरणोत्सारी आहे हे एक कारण. त्याचा चुरा श्वासात जाऊ नये. दुसरे कारण असे की कुण्या अनाम हाताने शुद्ध केलेल्या पदार्थाची ती जाळी फार नाजूक असते, आणि एकदा मोडली की तिचा आकार पुन्हा सांगता येत नाही.